चार ते साडेसहाची राखण

आमच्या व्याह्यांच्या बंदुकीने आजवर एकही जनावर मारलेलं नाही, पण तिने माणसं जेवढी दमवली तेवढी अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात दुसऱ्या कुठल्या हत्याराने दमवली नसतील. दमलेल्यांत पहिला नंबर माझा. मी केडगावला राहतो, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि रविवारी सकाळी जरा उशिरापर्यंत लोळावं एवढीच काय ती माझी उरलेली महत्त्वाकांक्षा. ती पुरी होत नाही, कारण रविवारी उजाडतं न उजाडतं तोच व्याह्यांचा फोन वाजतो. "इवाई, निघताय न्हवं? मालक काल लई नासधूस करून गेल्यात." मी 'गुडघा' म्हणेपर्यंत फोन बंद. दुसरा कुणी असता तर मी फोन उचललाच नसता. पण माझी एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली आहे, आणि मुलीच्या बापाला रविवार नसतो. मग दौंडकडे जाणारी यष्टी, काष्टीचा स्टँड, आणि तिथून जावयाच्या मोटारसायकलवर मागे बसून, आतडी हातात धरून, वस्ती गाठायची.

मालक म्हणजे रानडुक्कर. शेतात त्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की ते येतं, असा त्या घरातला जुना नेम आहे. पण 'मालक'च का, असं मी एकदा विचारलं तर व्याही म्हणाले, "पिकवतो आमी, खातो त्यो. मंग मालक कोन?" या मालकांपासून पीक राखण्यासाठी त्यांच्या वडलांनी बारा बोअरची बंदूक घेतली आणि परवान्यासकट ती वारसाने यांच्याकडे आली. व्याही कायद्याला इतके भितात की फॉरेस्टवाल्यांच्या लेखी परवानगीशिवाय जनावरावर ती रोखायचीही नाही, बार काढायचा तो हवेत, असं त्यांनी स्वतःवर घालून घेतलं होतं. असाच हवेत काढलेला एक बार चुलतभावाच्या पत्र्यावरच्या पाण्याच्या टाकीला लागला. ती भाऊबंदकी अजून मिटलेली नाही.

राखणीला आम्ही चौघं. व्याही, मी, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले एक ख्रिस्ती मास्तर, आणि टेम्पोचा धंदा मुलावर सोपवून बसलेले अण्णा. मास्तर डबा उघडल्यावर आधी प्रार्थना म्हणतात आणि तीत पाऊसपाणी, आजारी माणसं, कारखान्याचा भाव असं सगळं इतकं सविस्तर येतं की आमेन होईस्तोवर वांग्याच्या भाजीवर तेलाचा थर धरतो. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून खसफस ऐकायचं काम त्यांच्याकडे. ही वाटणी व्याह्यांनीच केलेली. मी विचारलं तर म्हणाले, "ज्याला ऐकू येतं त्यो दर पानाला उठतो. अण्णा उठलं की समजायचं, खरंच काय तरी हाय." अण्णा आजवर एकदाही उठलेले नाहीत.

पूर्वी पिकातल्या उंच माळ्यावर चढून बसत असत. आता आमची वयं बघता कडुलिंबाखाली दोन बाजा टाकतात आणि तीच राखण. वेळ दुपारी चार ते संध्याकाळी साडेसहा. डुकरं येतात रात्री, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण विहीणबाईंची सक्त ताकीद, दिवेलागणीच्या आत चौघं घरात दिसले पाहिजेत. "साप-किरडू चावलं तर डुक्कर बरं म्हनायची पाळी येईल," असं त्या म्हणतात. म्हणजे आम्ही राखण करून उठायचं आणि मालकांनी निवांत जेवायला यायचं. इतकं समजुतीचं वागणं मी सख्ख्या भावांतही पाहिलेलं नाही.

बंदुकीचे लाड विचारू नका. तिला शिलाई मशीनचं तेल, धोतराचं मऊ फडकं, आणि विहीणबाईंच्या इरकली लुगड्याची शिवलेली खोळ. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि आपल्याकडे निवडणुकांना काय तोटा! ग्रामपंचायत झाली की झेडपी, ती झाली की विधानसभा. व्याही बंदूक ठाण्यात पोचवायला निघत तेव्हा लेक सासरी निघाल्यासारखं घर गप्प होई. "वल लागू देऊ नका," असं हवालदाराला चारदा बजावून रिकामी खोळ काखेत मारून परत येत. आणि राखण? ती चालूच. खोळीत लांब दांड्याची काळी छत्री घालायची आणि ती खांद्यावर टाकून बांधाने चालायचं. "आत काय हाय ते मालकांना कुठं ठावं?" आचारसंहिता उठली की बंदूक परत, छत्री खुंटीला. आम्हा चौघांना हे माहीत होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

जावई मात्र वैतागायचा. "दादा, तुमाला वीस पावलांवरचा मानूस वळखू येईना. ती बंदूक सरकारजमा करून टाका एकदाची." व्याही ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एकदा मी जावयाची बाजू घेऊन बघितली. खोटं कशाला बोलू, मला माझा रविवार हवा होता. व्याही म्हणाले, "इवाई, आमच्या बापाच्या बाजंवर रोज पाच-सहा मानसं असायची. मंग परवान्याचं कायतरी खोळांबलं आन् बंदूक ठान्यात पडून ऱ्हायली. एक एक करून समदी यायची थांबली. म्हातारा बाजंवर एकटा बसायचा, वाटंकडं बघत. मी बघितलंय त्ये. बंदूक गेली की मानसं जात्यात." त्यानंतर तो विषय मी काढला नाही. माणूस बंदुकीला नाही, त्या बाजेला घाबरतोय, एवढं मला कळलं, आणि मी मुकाट्याने यष्टीचे धक्के खात राहिलो.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी नवीनच एक खूळ काढलं. मी लघवीला म्हणून पिकात शिरलो की ओरडायचे, "इवाई, बोलत ऱ्हावा!" काय बोलू? "पाढं म्हना!" आता सत्तरीला टेकलेला माणूस मक्यात उभा राहून मोठमोठ्याने पाढे म्हणतोय, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. वरच्या रस्त्याने जाणारे ट्रॅक्टर थांबून ऐकत. बेपासून सुरुवात केली, पण माझं वय आणि प्रोस्टेट लक्षात घेता तो पुरेना, म्हणून एकोणीसवर आलो. जरा आवाज थांबला की बाजेवरून घाबरीघुबरी हाक. मी मुलीकडे तक्रारही केली. ती म्हणाली, "पप्पा, म्हणा की. तेवढाच मेंदूला व्यायाम." मी मनातल्या मनात व्याह्यांना बरंच काही म्हटलं, आणि पाढा वरून म्हटला.

गेल्या हंगामातली गोष्ट. शेजारच्या उसाची तोड चालू होती. तोडत तोडत शेवटचा पट्टा उरला आणि जामखेडकडची टोळी कोयते टाकून बाहेर आली. मुकादम व्याह्यांना म्हणाला, "बाबा, आत डुक्कर हाय. लई थोर. हवेत एक बार काढा, निघून जाईल." दुसऱ्या कुणी नाव घेतलं असतं तर व्याही चिडले असते, पण त्या दिवशी ते नुसते मान हलवून खोळ खांद्यावर टाकून निघाले. आम्ही मागे. मास्तरांनी चालता चालताच प्रार्थना उरकली, ती मात्र फार थोडक्यात. मी डबा हातात धरून बांधावर उभा राहिलो, कारण डबा कुठे ठेवावा हे सुचलं नाही. टोळीतल्या बायांनी पत्रा बडवला आणि पट्ट्यातून ते धूड निघालं ते सरळ माझ्यावर. माझे पाय जे रुतले ते रुतलेच. एवढ्यात व्याही, ज्यांना दोन पायऱ्या चढताना विहीणबाईंचा हात लागतो, ते माझ्यापुढे आले, खोळ ओढून काढली आणि फाट्दिशी छत्री उघडली. डुकराने बहुधा जन्मात छत्री बघितली नसावी. ते जागच्या जागी वळलं, धुरळा उडवला आणि नाल्याकडे पळालं. टोळी खदाखदा हसायला लागली. एक बाई म्हणाली, "बाबा, बंदुकीचं छत्रीसंगं लगीन लावलं का काय?" व्याही छत्री मिटायला धडपडत होते. ती मिटत नव्हती.

मी हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मतमोजणी होऊन, गुलाल धुऊन, निवडून आलेले पक्ष बदलून मोकळे झाले होते. मग खोळीत छत्री कशी? परत येताना मास्तर आणि अण्णा पुढे गेले आणि मी व्याह्यांना तेच विचारलं.

"आनलीच न्हाई मी माघारी," ते म्हणाले. "वर्स झालं, ठान्यातच दिली सोडून. कायमची."

"अहो, पण का?"

ते बांधावर बसले. मीही बसलो. "मागल्या साली मका उभी हुती. मालकांनी त्या आठवड्यात तीनदा लोळवली हुती, पोरगं घालून-पाडून बोलत हुतं. तुमी कवा उठून गेल्ता त्ये मला कळलंच न्हाई, डोळा लागल्ता. जागा झालो तर कनसं हालत हुती. काळं काय तरी दिसलं. इवाई, जल्मात कदी सरळ धरली न्हाई, त्या दिशी धरली. घोड्यावर बोट हुतं." त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "आन् तुमी शिंकला."

माझा डबा घरंगळून सरीत गेला, तो कुणीच उचलला नाही. मला त्या दिवसाचं काहीही आठवत नव्हतं. शिंक आठवायचं काय कारण? मी तेव्हा नाक पुसत बाहेर आलो असेन आणि चहाला उशीर का म्हणून कुरकुरलो असेन. राग यायला हवा होता, पण आला तो हुंदकाच.

"मग सांगायचं नाही होय? वर्षभर ही छत्री घेऊन?"

"बंदूक न्हाई म्हनल्यावर तुमी कशाला येताय? केडगावपास्नं यष्टीत धक्कं खात छत्री बगायला येतंय का कोन?"

"आणि ते पाढे? बंदूकच नव्हती तर मला पाढे कशाला म्हणायला लावत होतात?"

"बंदूक न्हाई त्ये ठावं हुतं मला," व्याही म्हणाले. "पन तुमी पिकात शिरला की त्येच काळं दिसायचं. आवाज आला की बरं वाटायचं. इवाई हायत, म्हनायचं."

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. मी उजाडायच्या आधीपासून जागा होतो. लोळायला मोकळा होतो आणि लोळवत नव्हतं. सात वाजले, साडेसात वाजले. बायको म्हणाली, "मिळाला ना रविवार? झोपा आता." शेवटी मीच फोन लावला. "इवाई, निघतोय," एवढं बोललो आणि ते काही म्हणायच्या आत बंद केला.

दुपारी वस्तीवर पोचलो तर मास्तर आणि अण्णा आधीच बाजेवर होते. त्यांनाही कुणी बोलावलं नव्हतं. अण्णा कान देऊन बसले होते, मास्तर डब्यावर डोळे मिटून होते, आणि व्याही एका बाजूला, मांडीवर नुसतीच खोळ घेऊन, थकलेले, एकदम म्हातारे दिसणारे. ज्वारी उंच झाली होती. पाचच्या सुमाराला मी उठलो आणि तिच्यात शिरलो. कुणी ओरडलं नाही, आता ओरडायचं कारणही नव्हतं. मीच आपला सुरू झालो. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक शहात्तर, एकोणीस पाचे पंच्याण्णव, एकोणीस सक... आणि पुढचं येईना.

बाजेवरून व्याह्यांचा आवाज आला, "चौदोदरशे, इवाई. म्हना पुढं."