बेल्ट आधी, खुणा नंतर

१९९२ सालच्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास, परभणीत पाथरी रोडवरच्या एका गॅरेजात माझ्या थोरल्या बहिणीच्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट खुणा न जुळवता काढण्यात आला. काढला मिस्त्रींनी. काढायला लावला मी.

बहीण डॉक्टर. दर शनिवारी ती औषधांच्या दोन पेट्या मागच्या सीटवर टाकून पालमला जात असे आणि तिथे एका किराणा दुकानामागच्या खोलीत पेशंट तपासत असे. गाडी जुनी, दोन मालक बघून आलेली. तिच्या इंजिनात साखळीऐवजी दाते असलेला रबरी पट्टा होता, तोच टायमिंग बेल्ट. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ तो सांभाळतो. तो तुटला किंवा चुकीच्या दात्यावर बसला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपतं. आक्काच्या गाडीच्या पट्ट्याला चिरा पडल्या होत्या.

"चौकशा करायचाच पगार घेतोस ना तू?" आक्का म्हणाली. "मग ही एक माझ्यासाठी कर. ही गाडी गेली तर माझं पालम बंद. पेट्या घेऊन एसटीत चढायचे गुडघे राहिले नाहीत माझे."

त्या शनिवारी तिला दिवस भरत आलेल्या एका बाईला तपासायचं होतं. मागच्या खेपेला बाईचा रक्तदाब बराच वर गेलेला होता.

मी औरंगाबादच्या एका दैनिकाचा परभणीतला वार्ताहर होतो. आदल्या आठवड्यात नामांतराच्या मोर्चासाठी औरंगाबादला गेलो, तेव्हा नवा बेल्ट घेतला आणि तिथल्या एका जाणत्या मिस्त्रीला गाठून पाऊण तास प्रश्न विचारले. वहीची सहा पानं भरली. मोर्चावर चार भरली होती.

परतल्यावर मी ती सहा पानं एका पानात आणली. स्वच्छ अक्षर, समास सोडलेला. इतक्या वर्षांच्या सवयीने सर्वांत महत्त्वाचं सर्वांत वर घेतलं आणि तपशील उतरत्या क्रमाने खाली लावले. पान संपलं, तेव्हा शेवटचा परिच्छेद कापला. बातमी खालूनच कापतात.

आमच्या मिस्त्रींचं आयुष्य ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्त करण्यात गेलेलं. पट्ट्याचं इंजिन आपण कधी उघडलेलं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. मी म्हणालो, "काळजी करू नका, माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे."

"मग वाचा साहेब. माझे हात तेलाचे हायेत. तुमी वाचाल तसं मी करतो."

मी स्टुलावर बसलो आणि वाचलं, "जुना बेल्ट काढून नवा बसवणे हे या कामाचे मुख्य अंग होय."

"म्हंजे काढू?"

"काढा."

त्यांनी ताण देणारी पुली ढिली केली आणि पट्टा ओढून काढला. व्हॉल्व्ह हलवणारी वरची पुली खटकन थोडी फिरली. मी दुसरा परिच्छेद वाचला. त्यात नव्या बेल्टची रुंदी होती. मग तिसरा: "तत्पूर्वी, तिन्ही पुल्यांवरील खुणा इंजिनावरील खुणांशी जुळवून घ्याव्यात."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

"तत्पूर्वी म्हंजे कधी?"

"आधी."

"मग आधी का न्हाई वाचलं?"

"खाली लिहिलं होतं."

"खाली का लिवलं?"

मी त्यांना बातमी लिहिण्याची रीत समजावून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"साहेब, कुणाला पिठलं कसं करायचं सांगताना तुमी जेवण झालं इथून सुरू करता का हो?"

मी उतरवलेला पट्टा उचलायला वाकलो.

"आता कशाला हात लावू नका. चावी काढा अन् खिशात टाका. तुमच्या न्हाई, माझ्या."

माझा कागद घेऊन त्यांनी तो जमिनीवर अंथरला आणि सुटे नट त्यावर मांडले. मग खडूचा तुकडा घेऊन काळवंडलेल्या खुणा पांढऱ्या केल्या. पिस्टन वर असताना वरची पुली फिरवली तर व्हॉल्व्ह वाकले असते. म्हणून त्यांनी आधी पिस्टन हलवणारी खालची पुली पान्याने पाव फेरा मागे घेतली, अगदी हळू, अडलं की थांबायचं या बोलीवर. ती कुठे अडली नाही. "ट्रॅक्टर असो का हे," ते म्हणाले, "पिस्टनला मदी आणलं की व्हॉल्व्ह वाचतंय." मग वरची पुली तिच्या खुणेला, डिझेल पंपाची तिच्या खुणेला आणि शेवटी खालची.

पाच वाजता आक्का दवाखान्यातून आली.

"झालं का रे?"

"काम सुरू आहे," मी म्हणालो.

"साहेब वाचायलेत, मी करायलोय," मिस्त्री म्हणाले. "उद्याचं आत्ताच सांगत न्हाई, ताई. सातला सांगतो."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दुसरं स्टूल ओढलं.

नवा पट्टा चढला, ताण बसला. माझ्या कागदाप्रमाणे यानंतर इंजिन सुरू करायचं होतं आणि मी तसं सुचवलं. मिस्त्रींनी मान हलवली. "आधी हातानं दोन फेरे." पान्याने त्यांनी इंजिन दोनदा पूर्ण फिरवलं. वरची खूण जुळली, खालची जुळली. पंपाची एका दात्याने मागे होती. त्यांनी पट्टा पुन्हा उतरवला, पुन्हा चढवला, पुन्हा दोन फेरे दिले. तिन्ही खुणा जुळल्या.

हाताने दोन फेरे देण्याची सूचना औरंगाबादच्या मिस्त्रीनेही दिली होती. वहीच्या सहाव्या पानावर ती आहे, खाली दोन रेघा मारलेली. मी कापलेला परिच्छेद तोच.

सात वाजायला दहा मिनिटं असताना इंजिन सुरू झालं. मिस्त्रींनी चावी आक्काच्या हातात दिली.

शनिवारी सकाळी आठ वाजता गाडी पालमला निघाली. आक्काच्या वहीत त्या बाईची नोंद आहे. वेळ: अकरा वीस. रक्तदाब: मागच्यापेक्षा कमी.