बियाण्याचा भोपळा

आमचे निंबा नाना दिसेल ते वाजवून बघतात. घागर, दार, माझं डोकं, काहीही. बोटाच्या पेराने टकटक, कान तिरका, आणि मग नाकातून, "हं. पक्कं शे." तापीच्या पुरातून माणसं काढणाऱ्याला ती सवयच लागते. पोटाशी बांधायचा वाळका भोपळा आधी वाजवावा लागतो. चीर असेल तर आवाज बसका येतो.

छत्तीस सालच्या जेठात मात्र नाना वाजवायला विसरले.

गावात टिपूस नव्हता, पण वर कुठेतरी पाणी कोसळलं आणि तापी बघता बघता फुगली. पात्रातल्या डांगरवाडीत, खरबुजाच्या मळ्यात, तोताराम अडकला. वाळूच्या उंचवट्यावरून नुसता बोंबलत होता. नानांनी खुंटीवरचे दोन भोपळे ओढले आणि धावले. त्यातल्या एकात त्यांच्या बायकोने, सुंदरबाई अक्कांनी, गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, बी भरून तोंड शेणाने लिंपलेलं!

पुरात पोहणाऱ्याला काठ दिसत नाही, म्हणून अक्का काठावर थाळी बडवत होत्या. थाळीच्या तालावर शिव्याही चालू होत्या.

"पानीसंगे भांडानं नही," हे नानांचं नेहमीचं. पार वरच्या अंगाला ते पाण्यात शिरले, म्हणजे धारच तिरकं नेऊन पोचवेल. मध्यावर शेण विरघळलं, भोपळा गटागटा पाणी प्यायला, आणि नाना त्या बाजूने खाली. दोरी सोडून कसेबसे पोचले, तर तोतारामने त्यांच्या गळ्यालाच मिठी मारली.

"नाना, मी बुडी जासू!"

"माले सोड! भोपळाले धर, तुनी बायको शे असं समज!"

उरलेला भोपळा तोतारामला देऊन नाना मोकळ्या अंगाने निघाले. दोन्ही डोकी वळणाआड गेली. थाळी थांबली.

मग खालच्या झुडपांतून ठसका, आणि तोच नाकातला आवाज: "थाळी कोनी बंद करी रे?"

काठावरचे आम्ही सगळे तिकडे पळालो. तोताराम चिखलात पडला होता, भोपळ्याची मिठी अजून सुटली नव्हती. शेजारी नाना पाणी ओकत होते.

"मनं गिलकास्नं बी कोठे शे?" अक्का ओरडल्या. मग वाकून नानांच्या डोक्यावर टकटक केलं, कान तिरका केला.

"फुटेल शे, चीर शे," म्हणाल्या, आणि हसत-रडत पदराने तेच डोकं कितीतरी वेळ पुसत बसल्या.