रेजिनाचं क्वार्टर

रेजिना उन्हाच्या मागे मागे घर हलवायची. थंडीत सकाळचं ऊन क्वार्टर्सच्या पुढच्या पायऱ्यांवर यायचं, तेव्हा तिची चटई, विळी, परात आणि निवडायचे तांदूळ पायऱ्यांवर. ऊन पाण्याच्या टाकीकडे सरकलं की हा सगळा संसार टाकीपाशी. दुपारनंतर मागच्या भिंतीला. गाद्या आणि ब्लँकेटं तर दिवसभर तिच्यासोबत फिरतीवर असत. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते डोक्यावर गुंडाळलेली गादी आणि काखेत कुकर अशा अवतारात. मी नुकतीच मस्कतहून वर डोंगरावर राहायला आले होते, मला वाटलं ही बाई घर सोडून चालली. तिने गादी न उतरवताच विचारलं, "ताई, तुमच्याकडे पण नळ गोठला काय हो?"

ओमान म्हटलं की पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांना उंट आणि वाळू एवढंच दिसतं. जबल अखदरच्या माथ्यावर जानेवारीत बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, हे त्यांना मी अजूनही पटवू शकलेले नाही. तिथल्या सैक गावाशेजारी एका हॉटेलच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी होतो. माझा नवरा हॉटेलात मेंटेनन्सचा इंजिनियर, तिचा नवरा बस्त्याव लाँड्रीचा सुपरवायझर. दोघं वसईकडची कॅथलिक, खाऱ्या वाऱ्यात आणि घामात वाढलेली. आयुष्यातला पहिला स्वेटर आपण आखातात येऊन घेतला, हे ती येईल त्याला सांगायची आणि स्वतःच हसायची.

बस्त्यावच्या हुद्द्याला कंपनी मस्कतमध्ये कुटुंबासाठी घर देत नसे. वर डोंगरावर देत असे, कारण थंडीला आणि एकटेपणाला कंटाळून माणसं तिथे टिकत नसत. म्हणून त्याने ही नोकरी धरली, किंवा खरं सांगायचं तर तिने त्याला धरायला लावली. लेक जेनी तेव्हा चौथीत होती. डोंगरावर भारतीय शाळा नाही, त्यामुळे ती पोर हॉटेलच्या गाडीतून रोज तो भयंकर घाट उतरून निझव्याला जाई आणि संध्याकाळी पेंगत परत येई. वसईला आजी होती, चांगली शाळा होती, मोकळं घर होतं. सगळे म्हणत, मायलेकी तिकडे राहा, तो पैसे पाठवील. मीही एकदा तसं म्हणाले. रेजिना कांदा चिरत होती, ती थांबली.

"माझा बाप सौदीला होता, ताई. दोन वर्सांनी यायचा. तो वारला तवा सगळ्या बाया रडत होत्या न् मला रडूच येईना. मी तोंड झाकून बसले, लोकांना कळायला नको म्हणून. माझ्या जेनीचं तसं नाय झालं पाहिजे."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. संध्याकाळ झाली की ती बस्त्यावचं जुनं जॅकेट घालून दारात उभी राही. आधी जेनीची गाडी येई, मग बऱ्याच वेळाने बस्त्याव. तो आत शिरला की ती दाराला कडी घाली आणि म्हणे, "सगळी घरात हाय ना? खलास मग." मग प्रार्थना. प्रार्थना संपली की जेनी आईबापापुढे हात जोडून आशीर्वाद घेई, आणि मी तिथे असले तर माझ्यापुढेही. जेनीचं मराठी अडखळतं होतं, शाळेतल्या मैत्रिणींशी तिचं सगळं इंग्रजीत चाले. पण आशीर्वाद मागताना ती एकदम वसईची होऊन जाई.

रेजिनाची घरभर चालणारी कामं कुणालाही थकवतील अशी होती. एकदा बस्त्याव सामान आणायला खाली किनाऱ्यावरच्या सहम गावी गेला आणि ओली मासळी घेऊन आला. हिने ती मीठ लावून, वसईला वाळवतात तशी, दोरीवर टांगून दिली. वास हॉटेलच्या बागेपर्यंत पोचला. मॅनेजर नाक धरून आला आणि बस्त्यावची खरडपट्टी काढून गेला. पण त्याच वासाने गावातली एक ओमानी बाई, उम्म सालेम, हीसुद्धा आली. तिचं माहेर खाली समुद्राकाठचं. तिने दोरीवरचा एक मासा काढून हुंगला आणि डोळ्यांना ओढणी लावली. त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं. एकीला अरबी येत होतं, दुसरीला वसईची बोली. तासन्‌तास बोलत बसायच्या. काय बोलत, देव जाणे.

उम्म सालेममुळेच रेजिना गुलाब तोडायला जाऊ लागली. एप्रिलमध्ये डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गुलाब फुलतो, आणि ऊन चढायच्या आत तो खुडावा लागतो. गावात मग घराघरांतून गुलाबपाण्याच्या भट्ट्या लागतात. रेजिना ओढणीत फुलं भरून आणायची आणि आमच्या दारात ओंजळभर ठेवून जायची. त्या वर्षी ती दोन पायऱ्या चढली की थांबत होती. आधी मला वाटलं दमली असेल. मग एकदा ती फुलांची ओढणी खाली ठेवून तिथेच बांधावर बसली, तेव्हा तिचे ओठ निळसर दिसले. मी हाताला धरून निझव्याच्या दवाखान्यात नेली.

लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली होती. डॉक्टर केरळचे होते. त्यांनी बस्त्यावला आणि तिला समोर बसवून हिंदीत अगदी स्वच्छ सांगितलं, की मुंबईला जाऊन ऑपरेशन करा, आणि काही झालं तरी पुढची थंडी डोंगरावर काढू नका. रेजिनाने मान डोलावली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "गुलाब होऊन जाऊ दे. मग बघू, इन्शाल्ला."

गुलाब झाले. उन्हाळा आला, मस्कतची माणसं गारव्यासाठी वर आली, हॉटेल भरलं. लाँड्रीत चादरींचे ढीग पडले आणि बस्त्यावला रजा मिळेना. रेजिना म्हणाली, सीझन उतरू दे. सीझन उतरला तर डाळिंबं पिकली. उम्म सालेमने टोपलीभर पाठवली, रेजिना ती पायरीवर बसून सोलत होती, आणि एक दाणा तोंडात टाकायलाही तिला दम खावा लागत होता. म्हणाली, डाळिंबं संपली की जाऊ. त्या डोंगरावरचा प्रत्येक ऋतू तिने असा पुढ्यात आडवा घातला.

मी भांडले. शेजारीण होते, भांडायचा हक्क होता. तेव्हा कुठे तिने खरं कारण सांगितलं. ऑपरेशन, मग विश्रांती, मग तपासण्या, म्हणजे सहा महिने तरी गेले. बाहेर एवढा काळ राहिलं की व्हिसा जातो. आणि त्याआधीच कंपनी क्वार्टर काढून घेते.

"रिकामं दिसलं की त्यात बॅचलर घुसवतील, ताई. एकदा गेलं की परत मिळत नाय. मग आम्ही तिकडे न् हा इकडे, कायमचं."

"आणि तूच राहिली नाहीस तर?" मी विचारलं. मला बोलताना काही वाटलं नाही, इतकी मी चिडले होते.

ती डाळिंबाची सालं गोळा करत राहिली. "तवा बघू," म्हणाली.

बस्त्याव गरीब माणूस. एकदा त्याने तिकिटंसुद्धा काढली. बॅग भरून दारात ठेवली होती. संध्याकाळी मी निरोप द्यायला गेले तर बॅगेतले कपडे परत कपाटात, आणि रेजिना जेनीच्या अभ्यासाला बसलेली. बस्त्याव मला दारातच म्हणाला, "मी काय उचलून नेऊ काय तिला?" मला वाटतं, त्याने उचलूनच न्यायला हवं होतं. पण त्यालाही आतून ते घर हवं होतं, हे मला दिसत होतं. दिवसभर चादरींच्या वाफेत उभं राहून आल्यावर दारात कुणीतरी उभं असणं आखातात एकट्याने राबणाऱ्या त्याच्या भावंडांपैकी कुणाच्याही वाट्याला आलं नव्हतं.

मग थंडी आली. तिच्याने आता गादी उचलवत नव्हती, म्हणून मी तिच्या गाद्या बाहेर काढत असे आणि ती खुर्चीवर बसून मला कुठे ठेवायच्या ते सांगे. तिच्या पायांना सूज होती. एका सकाळी जेनी शाळेला निघून गेल्यावर तिला श्वास घेता येईना. माझ्या नवऱ्याने गाडी काढली. धुकं इतकं दाट होतं की घाट उतरायला दुप्पट वेळ लागला. बस्त्याव मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. निझव्याला पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती, आणि तिने एकच विचारलं, जेनीला संध्याकाळी कोण उतरवून घेईल. मी म्हणाले, मी घेईन. तेवढ्यावर तिचं समाधान झालं असावं. दुपारी ती गेली.

शवपेटी वसईला नेली. जेनी तिकडेच राहिली, आजीकडे. दुसरं काय करणार, बाप लाँड्रीत आणि पोर डोंगरावर एकटी, हे कसं चालायचं? कंपनीने माणुसकी दाखवून थोडे दिवस थांबून क्वार्टर मागितलं. त्यात आता स्वयंपाकघरातली चार पोरं राहतात. बस्त्यावला पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या एकासोबत खोली मिळाली. कारण काय, तर तो आता कंपनीच्या लेखी बॅचलर.

मला अजून रेजिनाचा राग येतो. ती अडाणी नव्हती, भित्री नव्हती, तिला सगळं कळत होतं. ज्या एका गोष्टीसाठी तिने जीव पणाला लावला, ती गोष्ट तिच्या जिवासोबतच गेली, आणि हे व्हायचं होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. असं सगळं आधी कळूनही काही करता येत नाही, याहून वाईट मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

दोन वर्षांनी बस्त्याव रजेवर वसईला गेला. खजुराची खोकी, चॉकलेटं, जेनीसाठी टॅब असं सगळं घेऊन गेला. रजा चांगली मोठी होती. पण एके दिवशी सकाळी मी दार उघडलं तर तो बाहेर उभा, हातात सुक्या मासळीचा पुडा. मी आत बोलावलं, चहा ठेवला, जेनी कशी आहे विचारलं.

"मोठी झाली," तो म्हणाला. "शाळेत जाते, क्लासला जाते, मैत्रिणींत असते. मी बसून असायचो. बोलायला जावं तर आजीकडे बघते, आता काय बोलू म्हणून." त्याने कप हातात घेतला. "शेवटी मीच विचारलं, मी परत जाऊ काय, काम हाय. मला वाटलं, थांब म्हणेल. ती म्हणाली, ओके पप्पा."

त्याने चहा तसाच ठेवला, लाँड्रीत माणसं कमी आहेत असं काहीतरी पुटपुटला आणि कामावर निघून गेला. त्याची रजा अजून संपली नव्हती.