लेकीला कुठं मजुरी देतात

आईचं कमरेखालचं अंग गेलं तेव्हा मी तिला मंगरूळपीरला माझ्या सासरी न्यायला हवं होतं. "लेकीच्या घरी मराले येऊ काय?" ती म्हणाली आणि खरं सांगते, मला आतून हायसं वाटलं.

मग मी शहाणपणा केला. तिच्या खात्यात निराधार योजनेचे पैसे यायचे, त्यात मी माझ्या पगारातले घालायला लागले. सांभाळायला कोणती बाई ठेवायची ते तिनंच ठरवावं, पैसेही तिनंच द्यावेत, कोणाच्या दयेवर राहू नये. केवढी फुशारकी मारली मी माझ्या नोकरीच्या शाळेत या गोष्टीची!

आईनं तिच्या गावातली, रिठदमधलीच शेजारीण निवडली, माझ्याच वयाची. ती अंघोळ घालायची, हगणंमुतणं काढायची, घडीघडी कूस बदलून द्यायची. आई माझ्या तोंडावर सांगायची, "तुह्या हातापेक्षा हिचा हात बरा." बँकेचा माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी यायचा आणि पैसे आईच्या हातात ठेवायचा. मी फोनवर विचारायचे, "तिले देतेस नं?"

"हो वं, तिचं तिले भेटते."

काय भेटत होतं कपाळ! सणाला लुगडं, वाटीभर तूप, डोक्यावरून हात. पोटच्या लेकीसारखं करणाऱ्या बाईच्या हातावर मजुरी टेकवायची म्हणजे तिला मोलकरीण करायचं, असं आईचं गणित. आणि ती बाई आईला मावशी म्हणायची. मावशीला पगार कसा मागायचा?

दिवाळीनंतर मुकादमानं आगाऊ उचल दिली आणि ती बाई नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघून गेली. मी आईवर भडकले. "ठेव नं दुसरी! पैसे कायले देऊन राह्यली मी?" दोन बाया शोधून आणल्या. एक चार दिवसांत पळाली. दुसरीला आईनं अंगाला हात लावू दिला नाही. "माही शेजारीन येईन ते वापस," एवढंच. पाठीला जखम झाली, ती चिघळली, वास सुटला. होळीच्या आधी आई गेली.

उशीच्या खोळीत गाठोडं सापडलं. त्यात सगळे पैसे होते, जुन्या लुगड्याच्या धांदोटीत बांधलेले. शेजारणीच्या पोरीच्या लग्नात मोठा आहेर करीन, असं आई एकदा बोलली होती. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

ऊस संपल्यावर बाई परत आली. मी गाठोडं तिच्या ओटीत घातलं. तिनं ते उघडून पाहिलं.

"हे तवाच भेटले असते तं मी कायले गेली असती, ताई?"

तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मंग मावशीची कूस कोन बदलून देत होतं?"

मी फक्त रविवारी जात होते.