पुणतांब्याची बंद खोली

मी पुणतांबा सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडवर एवढी गर्दी झाली होती की कंडक्टरला वाटलं, मोर्चाच निघालाय. खरं सांगायचं तर आई, आण्णा आणि गावातला न्हावी बबन एवढीच मंडळी होती. पण आमची आई रडायला लागली की तिघांची तीनशे वाटतात. तिच्या डोळ्यांना जे पाणी लागलं त्यात गोदावरीच्या घाटाच्या दोन पायऱ्या बुडाल्या, असं बबन आजही शपथेवर सांगतो. आणि मी निघालो होतो कुठं? नगरला. बसमध्ये एक डुलकी काढली की येतं ते नगर. तेव्हा बसच्या पाटीवर अहमदनगर होतं, आता अहिल्यानगर आहे. आई तेव्हाही नगरच म्हणायची आणि आताही नगरच म्हणते. पण तिच्या लेखी ते सातासमुद्रापार होतं. बाजरीचं पीठ, कांद्याची गोणी, लोणच्याची बरणी आणि वर एक घोंगडी. तिथं म्हणे पंख्याचा वारा बाधतो.

"नगरच्या मानसानं च्या दिला तर आदी त्याला पिऊ दे," आईनं बजावलं.

आण्णा कधी जास्त बोलत नाहीत. त्यांनी गोणी टपावर चढवली आणि म्हणाले, "नोकरी धर, पोरगी मिळव आन माघारी ये. तिकडं मुळं धरू नको."

हे पोरगीचं प्रकरण आधी सांगतो, कारण सगळं रामायण त्याचंच आहे. मी बी.ए. इंग्रजी, वय चौतीस, ऊस आमचा असा की त्यात हत्ती हरवावा, विहिरीला बारमाही पाणी. पण मुलगी द्यायला कोणी तयार नाही. मुलींचे बाप यायचे, पोहे खायचे, घरामागं एक चक्कर मारायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. ते अजून कळवतातच आहेत. आमच्या आळीत अशी लग्नाची राहिलेली पोरं इतकी झाली की आम्ही स्वतंत्र ग्रामपंचायत मागणार होतो. शेवटी आण्णांनी ठरवलं, शेतकरी म्हणून मिळत नाही तर नोकरदार म्हणून मिळेल.

नोकरी मिळाली नगरच्या सावेडी भागात, टायरच्या दुकानावरच्या इंग्रजी संभाषण वर्गात. मालकांनी रद्दीवाल्याकडून एकाच इंग्रजी कादंबरीचे गठ्ठे उचलले होते. म्हणाले, "हेच शिकवा. जुनं आहे, म्हणजे चांगलंच असणार." कादंबरी दीड-दोनशे वर्षांपूर्वीची. एक अनाथ मुलगी, माळरानावरची काळीकुट्ट गढी, अबोल मालक, डोळे वटारणारी कारभारीण आणि वरच्या मजल्यावर एक कुलूपबंद खोली. मी शिकवायला उभा राहिलो की बाहेर मे महिन्याचं ऊन असायचं, पण वर्गात असं धुकं दाटायचं की मागच्या बाकावरचे लोक मोबाईलचा टॉर्च लावायचे.

विद्यार्थी सगळे मोठी माणसं. त्यांतले दोघे मात्र माझ्या मानगुटीवर बसले. एक लष्करातून निवृत्त झालेले हवालदार कोंडीराम. दुसऱ्या मंगलताई, ब्लाऊज शिवण्याचं दुकान चालवणाऱ्या, मुलगा जर्मनीत. नातवाशी बोलता यावं म्हणून त्यांना इंग्रजी हवं होतं. मी पहिल्या दिवशी फळ्यावर 'सस्पेक्ट' हा शब्द लिहिला, अर्थ सांगितला आणि एकेक वाक्य करायला सांगितलं. हवालदार उठले, टाचा जुळवल्या आणि गरजले, "आय सस्पेक्ट माय मिल्कमॅन." मंगलताई म्हणाल्या, "आय सस्पेक्ट यू, सर." का, तर म्हणे इतका शिकलेला माणूस पुणतांब्याची बागायत सोडून टायरच्या दुकानावर कशाला बसेल?

नगरचं पाणी मला पहिल्यापासून संशयाचं वाटायचं. घरमालक दारात चपला मोजायचा. शेजारीण माझ्या डब्याचा वास घेऊन जेवण काय ते ओळखायची. आता या बाईही लागल्या मागे.

पुस्तक मात्र पुढं सरकेना. ती मुलगी गाडीतून उतरून गढीच्या दारात उभी राहिली आणि आमचा वर्ग तिथंच पाय रोवून बसला.

"थांबा सर," मंगलताई म्हणाल्या. "हिनं चौकशी केली नाही?"

"कसली चौकशी?"

"घराची! माणसाची! अहो, आम्ही म्हैस आणतो तर आधी चार घरं विचारतो. ही बया पेटी उचलून सरळ गढीत?"

मी सांगितलं की तिला कोणी नव्हतं, ती नोकरीसाठी आली होती. हवालदार उसळले. "कोणी नसंना का! गावात किराणा दुकान असंल का नाही? व्हेअर इज हिज किराणा दुकान? हू इज हिज न्हावी?"

तुम्ही आमच्या जिल्ह्यातले असाल तर शास्त्र तुम्हाला ठाऊक आहेच. स्थळ आलं की भाऊबंदाला विचारायचं नाही, तो वाईटच सांगणार. सोयऱ्याला विचारायचं नाही, तो चांगलंच सांगणार. किराणावाल्याला विचारायचं, म्हणजे उधारी कळते. न्हाव्याला विचारायचं, म्हणजे बाकीचं सगळं कळतं. आणि शेवटी भाऊबंदालाही विचारायचंच, फक्त त्यानं सांगितलेल्यातलं निम्मं सोडून द्यायचं. इंग्रजांनी अर्ध्या जगावर राज्य केलं, पण त्या कादंबरीतल्या एकालाही हे सुचू नये? आमच्या वर्गानं बंद खोलीत काय आहे ते पुस्तकाच्या चौथाईतच ओळखलं. बरोबर ओळखलं का, ते सांगत नाही. पुस्तक वाचा.

त्यानंतर मंगलताईंचा मोर्चा माझ्याकडं वळला. भाकरीचा डबा आणायच्या, समोर बसून मला खाऊ घालायच्या आणि विचारायच्या, "सर, घर पत्र्याचं का स्लॅबचं? वाटण्या झाल्या का? आई कडक आहे का हो?" मी आईची ताकीद आठवून पहिला घास त्यांना खायला लावायचो. मनात पक्कं केलं होतं की या बाई समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या वर्गाच्या हेर आहेत आणि माझी शिकवण्याची पद्धत चोरायला आल्यात. म्हणून मी त्यांना उलटसुलट माहिती पुरवली. आमच्या उंबऱ्यातून पाय टाकला की थेट गोदावरीत पडतो, एवढं घर मोठं आहे म्हणालो. त्यांनी मान डोलावली. हेर किती मुरलेला आहे, मी मनात म्हटलं.

मग एका रविवारी सकाळी बबन न्हाव्याचा फोन आला.

"दत्तू, दोन बाया आल्यात गावात. तुजी चौकशी करत्यात. एक वयस्क हाय, एक पोरगी. मी लई चांगलं सांगितलंय, इतकं की माजं मलाच पटंना. पन आता त्या तुज्या चुलत्याकडं गेल्यात. पळ."

चुलता म्हणजे भाऊबंद. मी मिळेल त्या बसनं निघालो. श्रीरामपूर येईपर्यंत मला सगळा उलगडा झाला होता. मंगलताई हेर होत्या खऱ्या, पण बहिणीच्या मुलीसाठी. सुवर्णा तिचं नाव, नगरला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. वर्गाच्या जिन्यात मावशीला न्यायला यायची, तेव्हा मी तिला दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा जिन्याची पायरी चुकलो होतो. आजचं बिघडलं तर पुन्हा कोणी आमच्या दारात पोहे खायला येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

घरी पोचलो तर ओसरीवर आण्णा उपड्या बादलीवर बसलेले, उजवा पाय लांब करून. समोर सतरंजीवर मंगलताई आणि सुवर्णा. पोह्यांना कोणी हात लावला नव्हता. आई दाराच्या चौकटीला धरून उभी.

"या सर," मंगलताई म्हणाल्या. आवाज असा की गढीच्या कारभारणीनं शिकवणी लावावी. "तुमचे चुलते म्हणाले, वर्ष झालं, तुमच्या घरात एक खोली कुलूप घालून ठेवलीय. कोणाला जाऊ देत नाहीत. आत काय आहे?"

मी आण्णांकडं पाहिलं. मागच्या अंगाला ती खोली नवी बांधलेली मला माहीत होती. मी सणाला यायचो, तेव्हा "बियानं ठिवलंय" असं सांगायचे. मी कधी पुढं विचारलं नाही. आता माझ्याच मनात पाल चुकचुकली. बियाणं वर्षभर कोण ठेवतं?

"बाहेरच्या मानसाला ती खोली दावायची न्हाई," आण्णा म्हणाले.

"मग मी चालले," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "काका, मावशीनं मला ते पुस्तक सगळं सांगितलंय. त्यातली मुलगी गप्प बसली म्हणून पुढचं सगळं झालं. मी गप्प बसणारी नाही. खोली उघडा, मग बोलू."

"आन न्हाई उगाडली तर?"

"तर कळवते."

हा शब्द आण्णांच्या वर्मी लागला. ते उठले. उठताना भिंतीला धरून उठले, गुडघा कटकन वाजला. बंडीच्या आतल्या खिशातून किल्ली काढली. आम्ही सगळे त्यांच्या मागं. देवाशप्पथ सांगतो, तेवढ्यात ढग आले, कुत्रं रडलं आणि वीज गेली. वीज आमच्याकडं तशीही जाते, पण त्या घटकेला जाणं वेगळं.

दार उघडलं.

आत गुलाबी फरशी. भिंतीला लावलेला पलंग, गादीवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. नदीकडं उघडणारी खिडकी. आणि कोपऱ्यातल्या दारातून दिसणारं न्हाणीघर, त्यात नळ, आरसा आणि पांढराशुभ्र कमोड, कारखान्यातून आला तसा, झाकणावर चिकटपट्टी.

"पोरींचे बाप यायचे," आण्णा भिंतीकडं बघत म्हणाले. "घरामागं जायचे, संडास बगायचे. आंगनाच्या टोकाला, पत्र्याचा. काय बोलायचे न्हाईत. आमाला काय कळत न्हाई व्हय? म्हनून बांदलं. सुनंनं पयलं पाऊल टाकायचं. आमी वापरला आस्ता तर जुना झाला आस्ता."

"आन मी रोज सांगते," आई मागून कडाडली, "ह्यांना गुडगा टेकवत न्हाई, खाली बसवत न्हाई, पावसात चिखलातनं त्या टोकाला जात्यात, दोनदा पडलं! आन हितं किल्ली खिशात!"

मंगलताईंनी पदर डोळ्यांना लावला. सुवर्णानं खिडकी उघडली, बाहेर पाहिलं, नळ सोडून पाहिला. मग ती आण्णांसमोर उभी राहिली.

"काका, खोली छान आहे. स्थळ मला पसंत आहे. पण माझी नोकरी नगरला आहे, सरांचीही. आम्ही तिथंच राहणार. हे आत्ताच सांगते, नंतर नको."

मला त्या क्षणी काय झालं ते मी आजवर नीट सांगू शकलेलो नाही, आणि मी न सांगू शकणं म्हणजे बघा. जे मागायला मी गाव सोडलं होतं ते मिळालं होतं. आण्णांचा चेहरा मात्र उसाची तोड झाल्यावर रान दिसतं तसा झाला होता.

"मंग ही कुनासाटी बांदली म्या?" त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

"तुमच्यासाठी," सुवर्णा म्हणाली. ती वाकली आणि झाकणावरची चिकटपट्टी फर्रकन काढली. "आजपासून तुम्ही इथं झोपायचं. आणि कुलूप मी घेऊन जाते, म्हणजे पुन्हा लावायची भानगड नको."

"पयलं पाऊल सुनंचं पायजे," आण्णा पुटपुटले.

"मग मी आत्ता कुठं उभी आहे?"

लग्न झालं. आम्ही नगरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. लिफ्ट आहे, पंख्याचा वारा बाधत नाही, घोंगडी माळ्यावर आहे. आण्णांनी सांगितलेलं मी पाळलं नाही, मुळं धरली. नगरचं पाणी संशयाचं वाटेनासं झालं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. गावात मला आता पाहुण्यासारखा चहा येतो, कपाखाली बशी ठेवून. बशी दिसली की माझं पाणी पाणी होतं.

तुम्ही जे पुण्याला गेलात, दुबईला गेलात, कोपरगावपर्यंत जरी गेला असाल, त्यांना मी अनुभवाचं सांगतो. घरी गेलात की संशय घ्या. आईबाप "बियाणं ठेवलंय" म्हणाले तर विश्वास ठेवू नका. तुमच्या नावानं एखादी गादी प्लॅस्टिकमध्ये असेल, एखादा कुकर खोक्यात असेल, आणि ती दोघं जुन्यावर भागवत असतील. चौकशी करा. न्हाव्याला विचारा. आणि जे मागं राहिलात, त्यांनीही मनात धरू नये. आम्ही विचारलं नाही, कारण आम्हाला ते खरंच बियाणं वाटलं.

आता आम्ही गेलो की ओसरीवर सतरंजी टाकून झोपतो. ती खोली आई-आण्णांची. आण्णा त्या न्हाणीघरात सकाळी जातात ते वर्तमानपत्र घेऊन, आणि जाहिरातींसकट संपवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. बाहेर मी टॉवेल खांद्यावर टाकून उभा, माझ्यामागं सुवर्णा, तिच्यामागं आई. मी दार वाजवतो.

"कोन हाय?"

"मी."

"मी म्हंजे कोन?"

मी नाव सांगतो. पानं उलटल्याचा आवाज येतो.

"थांब," आण्णा आतून म्हणतात. "मला घाई न्हाई."

मग मी थांबतो.