मे महिन्यातला हीटर

आमची सात सीटची गाडी आधी माझ्या नणंदेच्या नवऱ्याची होती. विकताना दाजी म्हणाले, "घरातलीच गाडी हाय. डोळे झाकून घ्या." आम्ही घेतली. पहिल्याच उन्हाळ्यात एसी गेला, मग मागचं सरकतं दार, मग क्लच. इंजिन तर चढ दिसला की तापायचं. माझी भिशी गॅरेजात गेली. दर वेळी मी दाजींना फोन करायचे आणि ते हसायचे. "जुनी गाडी म्हणल्यावर एवढं-तेवढं चालायचंच." घरचा जावई म्हणून सासूबाई मला डोळ्यांनीच दटावायच्या. मी गप्प बसायचे, पण ते हसणं पोटात ठेवलं होतं.

मेकॅनिक म्हणाला, "ताई, हे लई जुनं दुखणं हाय. इंजिनचं हेड उघडावं लागंल. तोवर उन्हात लांब नेऊ नका."

त्याच मे महिन्यात सोयगावला पुतणीचं लग्न निघालं. नवरा वाळूजहून शिफ्ट संपवून परस्पर येणार होता. गाडी मी चालवणार होते. हेडचं काम मी मुद्दाम पुढं ढकललं आणि दाजींना फोन केला. "तुमची नवी गाडी कशाला धुळीत काढता? आमच्यात या. पुढची सीट तुमची." इतक्या मानाला नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं.

दाजी रेशमी कुर्ता घालून माझ्या शेजारी बसले. मागं माझी नणंद, म्हणजे ताई, आणि सासूबाई. चौका घाटाच्या चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडं सरकू लागला. मी गाडी तशीच चढवत राहिले. दाजी काट्याकडंच बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"अगं, हीटर सोड! फुल सोड. इंजिनची गरमी आत ओढली की हिचा काटा खाली येतो."

मागून ताईंनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"अंदाज."

"अंदाज कसला? गाडी विकायच्या आधी माझ्या माहेरी येताना भर उन्हात हीटर लावला होता तुम्ही. मला म्हणालात, बटण अडकलंय."

मी हीटर फुल सोडला. काटा खरंच उतरला. चढ संपला तरी मी तो बंद केला नाही. मागच्या आणि माझ्या बाजूच्या काचा उघड्या होत्या. दाजींच्या बाजूची तेवढी कधीची बंदच अडकलेली, ती मी दुरुस्तच केली नव्हती.

"आता बंद कर की," ते म्हणाले.

"नको दाजी. इंजिन बसलं तर लग्न चुकंल."

"राहू दे चालू," सासूबाई मागून म्हणाल्या.

सोयगावात दाजी उतरले तेव्हा त्यांचा कुर्ता पिळून काढण्यासारखा झाला होता. मांडवात कुणीतरी विचारलं, "दाजी, विहिरीत पडलात व्हय?" मी तोंड उघडायच्या आत ताईंनीच सगळं सांगून टाकलं, मोठ्यानं, वऱ्हाडातल्या बायका ऐकत असताना.

परत जाताना दाजी एसटीनं गेले. पुढच्या आठवड्यात हेडच्या कामाचे पैसे ताईंनी पाठवले. नवरा म्हणाला, "परत कर, बरं दिसत नाही." मी ठेवून घेतले.