चार कोरे खिळे

२००५ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा, चौथी नापास, पण अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या छापखान्यात पस्तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवलेला माणूस. सुनेनं कॉम्प्युटर आणला तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, त्या डब्यापुढं मी बसणार नाही.

तिला पहिलंच काम मिळालं, बाळापूरकडच्या एका शेतकरी सोसायटीचं. ती वर्षं कपाशीवाल्यांना फार वाईट गेली. गावोगाव सल्ल्याचं पत्रक वाटायचं होतं. पिकाचं नाव डाव्या कडेला, सल्ला त्याखाली थोडा आत, म्हणजे उभ्या उभ्या आपलं पीक सापडावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचे सचिव नमुना पाहायला येणार. पसंत पडला नाही, तर काम दुसरीकडे.

दर पिकाचा सल्ला वेगळ्या फाईलीत. सुनेनं मॅक्रो केला होता. एक शब्द लिहिला की त्याच्या जागी अख्खी फाईल येऊन बसे. बसे खरी, पण पहिली ओळ आत आणि बाकीच्या साऱ्या कडेला, पिकांच्या नावांच्या रांगेत.

संध्याकाळी तिच्या मागं उभं राहून मी चष्मा चढवला. कडेची एक ओळ 'लिटर' या शब्दानं सुरू होत होती. "सूनबाई, हे 'लिटर' कोणतं पीक हाय? खरिपाचं का रब्बीचं?"

"मामाजी, हसू नका. दुपारपासून हेच करून राहिली मी."

"तू जागा सोडाचे कोरे खिळे एकाच ओळीले लावले. आमी दर ओळीच्या आधी लावत होतो. ओळ कुठं संपते ते या डब्याले समजते का?"

"समजते."

"मंग ओळ संपली का पुढच्या ओळीचे चार कोरे खिळे तिथंच बांधून दे."

ती खटाखट लिहीत सुटली. कपाशीचा सल्ला कसा दोरी लावल्यासारखा उभा राहिला. पण त्याखालची तूर आत घुसली.

"हे काहून?"

"शेवटची ओळ संपली, तरी खिळे ठेवलेच त्यानं."

"हुकूम पाळते, डोकं नाही चालवत. शेवटच्या ओळीले सोड म्हणा."

तूर टुणकन कडेला आली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग मी म्हणालो, आता ज्वारी सरकव. आता मूग. परत ज्वारी. अख्खं शिवार मी तिच्याकडून आतबाहेर नाचवून घेतलं, आणि त्या डब्यापुढं खुर्ची ओढून कधी बसलो ते मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवांनी नमुना दोनदा पाहिला आणि पसंतीची मान हलवली. "कोणी जुळवलं?"

सून तोंड उघडायच्या आत मी बोललो, "आमी दोघांनी. या डब्याले फक्त सांगा लागते."